अनुभव कशाला म्हणावे?

(मुकुटबन येथे संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले भाषण)



चिटणीससाहेबांनी मला ‘तत्त्वज्ञान आणि शिक्षण’ असा भारदस्त विषय दिला आहे. विषयाचे नाव ऐकूनच मागच्या रांगेतील दोघेतिघे चहाला उठले, हे माझ्या ध्यानात आले आहे. त्यांना दोष देत नाही. मी या विषयाला एका पालकाच्या प्रश्नापासून हात घालतो.

मागल्या हिवाळ्यात याच गावच्या बाजारात एका ओळखीच्या गृहस्थांनी मला थांबवले. त्यांचा मुलगा सातवीत. दिवाळीनंतर तो वर्गात दिसला नव्हता. मी चौकशी केली तेव्हा ते म्हणाले, “सर, पोरगा पऱ्हाटीत आहे. वेचाई देऊनही माणसं मिळत नाहीत. आणि खरं सांगू का, पुस्तकातून शिकतो त्यापेक्षा तो वावरात जास्त शिकतो. तजुर्बा हीच खरी तालीम, असं तुम्हीच तर सांगता.” मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. माझेच वाक्य माझ्या अंगावर आले होते. आजचे हे भाषण म्हणजे त्यांना दिलेले उशिराचे उत्तर होय.

तजुर्बा हा शब्द किती चांगला आहे पाहा. मराठीत आपण ‘अनुभव’ आणि ‘प्रयोग’ असे दोन वेगळे शब्द वापरतो. अनुभव आजोबांजवळ असतो आणि प्रयोग विज्ञानाच्या खोलीत होतो. आपल्या घरांतून बोलल्या जाणाऱ्या उर्दूत मात्र दोन्हींना तजुर्बाच म्हणतात. दाढी पिकलेल्या माणसाचाही तजुर्बा आणि परीक्षानळीतलाही तजुर्बाच. अमेरिकेत सुमारे दीडशे वर्षांपूर्वी जो एक विचार उभा राहिला आणि ज्याला आपण फलप्रामाण्यवाद असे जड नाव दिले आहे, त्याचे सार मला या एका शब्दात दिसते. अनुभव म्हणजे नुसते अंगावरून गेलेले आयुष्य नव्हे. ज्यात काही करून पाहिले आणि जे झाले त्याकडे लक्ष दिले, तो अनुभव.

हा विचार एखाद्या ध्यानस्थ पंडिताला झाडाखाली सुचला नाही. तो निघाला प्रयोगशाळेतून, आणि तीही मनाच्या प्रयोगशाळेतून. १८५० साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजले. तो वेग सेकंदाला सुमारे तीस मीटर भरला. तोपर्यंत मोठमोठ्या विद्वानांना वाटे की हा वेग मोजताच येणार नाही. मनाच्या कामाला वेळ लागतो आणि तो घड्याळाने मोजता येतो, हे एकदा कळल्यावर पुढची वाट मोकळी झाली. १८७९ साली लाइप्झिग येथे वुण्ट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. दिवा दिसताच कळ दाबायची, ठोका ऐकू येताच हात उचलायचा आणि मध्ये किती वेळ गेला तो लिहून ठेवायचा, असे काम तेथे वर्षानुवर्षे चाले. मनाचे तुकडे पाडून ते कशाकशाचे बनले आहे हे शोधावे, अशी त्यांची धारणा होती.

अमेरिकेत विल्यम जेम्स हे मूळचे वैद्यकाचे पदवीधर. हार्वर्डमध्ये त्यांनी स्वतः उपकरणे मांडली, पण त्या तासन्‌तासांच्या मोजदादीचा त्यांना लवकरच वीट आला. तरी त्या सर्व प्रयोगांचा अभ्यास करून, बारा वर्षे खपून, १८९० साली त्यांनी मानसशास्त्रावर दोन जाडजूड खंड प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे असे की मन तुकड्यातुकड्यांचे नसते, ते नदीसारखे वाहते. माणूस लाल रंग, गोल आकार आणि गोड वास असे सुटे सुटे घेऊन मग त्यांची बेरीज करीत नाही. त्याला सफरचंद दिसते, आणि भूक असेल तर ते अधिक लवकर दिसते.

त्यांचे स्नेही चार्ल्स पर्स हे गणिती व तर्कशास्त्रज्ञ. त्यांनी १८७८ साली एका लेखात असे मांडले की एखाद्या कल्पनेचा अर्थ जाणून घ्यावयाचा असेल तर तिच्यामुळे प्रत्यक्षात काय फरक पडतो ते पाहावे. मुलांनो, तुमच्यासाठी आपल्या भागातले उदाहरण देतो. चुनखडीचा दगड आणि गारगोटी यांत ‘कठीण’ कोण? व्याख्या पाठ करून हे कळणार नाही. दोन्ही काचेवर घासून पाहा. गारगोटीने ओरखडा पडतो, चुनखडीने पडत नाही. कठीण या शब्दाचा अर्थ त्या ओरखड्यात आहे.

पर्स यांच्या एका प्रयोगाची हकीकत मला फार आवडते. १८८३-८४ च्या सुमारास जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी आणि जॅस्ट्रो या त्यांच्या विद्यार्थ्याने बोटावरचा दाब अगदी थोडा कमीजास्त करून पाहिला. या वेळी वजन वाढवायचे की उतरवायचे हे ते स्वतः ठरवीत नसत. पत्ते पिसून जे पान येईल त्यावर ते ठरे. हेतू हा की आपली आवड, आपला अंदाज आणि आपली लबाडी त्यात शिरू नये. फरक इतका सूक्ष्म होता की सांगणाऱ्याला वाटे, आपण केवळ ठोकून देत आहोत. पण हिशेब केला तेव्हा अशी ठोकून दिलेली उत्तरेही पाचांतून सुमारे तीन वेळा बरोबर निघाली. नुसत्या नशिबाने ती निम्मीच बरोबर यायला हवी होती. याचा अर्थ असा की हाताला जे कळते ते तोंडाला सांगता येईलच असे नाही.

हे वाचताना मला माझे मामू आठवले. ते जिनिंगमध्ये कापूस पारखीत. मुठीत कापूस दाबून, सोडून, कानाशी नेऊन ते सांगत, हा ओला आहे. “कसं कळलं, मामू?” असे विचारले की म्हणत, “हाताला विचार.” मामू शाळेत फार शिकले नव्हते. त्यांच्या हातात जे ज्ञान होते ते खरेच होते. पण ते आम्हा भाचरांपैकी कोणालाही मिळाले नाही, मामूंबरोबर गेले. याकडे मी पुढे परत येणार आहे.

पर्स यांच्या त्या प्रयोगाच्या दिवसांत त्याच विद्यापीठात जॉन ड्यूई नावाचा एक लाजाळू विद्यार्थी तत्त्वज्ञान शिकत होता. पर्स यांच्या तर्कशास्त्राच्या तासांना तो बसे आणि स्टॅन्ली हॉल यांच्याकडे प्रायोगिक मानसशास्त्र शिके. पुढे १८९६ साली, शिकागो येथे असताना, ड्यूईंनी प्रतिक्षिप्त क्रियेवर एक छोटासा निबंध लिहिला. त्यातील दृष्टान्त जेम्स यांच्याही ग्रंथात होता, आणि आपल्यापैकी प्रत्येक आईला तो ठाऊक आहे. मूल ज्योतीकडे हात नेते, भाजते, हात मागे घेते.

आमच्या लहानपणी घरोघरी रॉकेलची चिमणी असे आणि रांगते मूल चिमणीकडेच धावे. जुने मानसशास्त्र सांगे की उजेड हे एक कारण आणि हात नेणे हे त्याचे कार्य. भाजणे हे दुसरे कारण आणि हात मागे घेणे हे त्याचे कार्य. चार वेगळे मणी एका दोऱ्यात ओवलेले. ड्यूई म्हणतात, असे नाही. पाहणे हीसुद्धा मुलाने केलेली एक क्रियाच आहे. ते हात नेते तेव्हाही पाहत असते, पाहून हात वळवीत असते. आणि भाजल्यानंतर सर्वांत मोठा बदल कुठे होतो? हातात नाही, ज्योतीत होतो! कालपर्यंत ती चमकणारी गंमत होती, आज ती ‘हात लावला तर भाजणारी चमक’ झाली. चिमणी तीच आहे, पण त्या मुलाचे जग बदलले. आपण काही केले, त्याचे काही भोगले आणि या दोहोंचा संबंध जुळला, की अनुभव झाला. झोपेत असलेल्या मुलाच्या बोटाला चटका बसला तर त्याला वेदना होईल, पण तो काही शिकणार नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. फलप्रामाण्यवाद म्हणजे ज्यात फायदा तेच खरे, असा अर्थ काही लोक करतात. जेम्स यांनी कल्पनेच्या ‘रोकड किमती’ची उपमा वापरली, ती टीकाकारांच्या हाती आयतीच सापडली. पण फळ म्हणजे नफा नव्हे. आपल्या समजुतीप्रमाणे वागून पाहिल्यावर जे निघते ते फळ, मग ते आपल्या सोयीचे असो वा नसो.

ज्या वर्षी तो निबंध आला त्याच १८९६ च्या जानेवारीत ड्यूईंनी शिकागो विद्यापीठात सोळा मुलांची एक शाळा सुरू केली. तिला प्रयोगशाळा म्हणत. तेथे काय चाले ते ऐका, कारण ते तुमच्या घरातलेच आहे. मुलांना कापसाची बोंडे आणि मेंढीची लोकर दिली गेली. एका गटाने अर्धा तास बसून हातांनी सरकी काढली. निघालेली रुई एक औंसही भरली नाही, म्हणजे आपल्या अठ्ठावीस ग्रॅमच्या आत. मग मुलांनाच प्रश्न पडला की असे असेल तर दिवसभरात एक माणूस किती रुई काढील? तिचे कापड किती महाग पडेल? जुन्या काळी तिकडचे लोक सुती कपड्यांऐवजी लोकरीचे का वापरीत? लोकरीचा तंतू लांब आणि कापसाचा आखूड, मग कातायला सोपे कोणते? आणि ज्याने सरकी काढण्याचे यंत्र केले त्याने जगात केवढी उलथापालथ केली? इतिहास, भूगोल, गणित, यंत्रशास्त्र, सगळे त्या अर्ध्या तासाच्या खरडपट्टीतून बाहेर पडले.

शिकागोच्या मुलांना कापूस विकत आणावा लागला. आपला यवतमाळ तर पांढऱ्या सोन्याचा जिल्हा. येथल्या मुलाच्या ओटीत महिनाभरात किती कापूस येतो! मग आपला मुलगा त्या सोळा मुलांच्या कितीतरी पुढे असायला हवा. तो का नाही?

याचे उत्तर त्या चिमणीत आहे. शिकागोच्या मुलांनी काम केले आणि थांबून त्याकडे पाहिले. कोणीतरी त्यांना विचारले, किती वेळ लागला, किती भरले, असे का झाले? आपला मुलगा सकाळी वावरात उतरतो, ओटी भरतो, काट्यावर ओततो, पुन्हा उतरतो. त्याला कोणी काही विचारीत नाही. दहाव्या दिवशी तो पहिल्या दिवसापेक्षा जलद वेचतो, हे खरे. बोटे चिरू नयेत म्हणून बोंड कसे धरावे हेही त्याला कळते. पण एका टप्प्यानंतर पुढचे शंभर दिवस त्याच एका दिवसाची नक्कल असते. त्या गृहस्थांना मी तेव्हा हे सांगायला हवे होते की, भाई, पहिले चार दिवस तुमचा मुलगा शिकत होता. पाचव्या दिवसापासून तो फक्त राबत होता.

शाळेने मात्र यात खूश होण्याचे कारण नाही. २०२५ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आदींचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत विक्री करणारी मुले त्यांनी तपासली. सगळे मिळून १,४३६ मुले होती. गिऱ्हाईक बनून गेल्यावर ती मुले अवघड हिशेब तोंडी करून अचूक सुटे पैसे परत देत, पण तशीच किंवा त्याहून सोपी आकडेमोड शाळेच्या पद्धतीने मांडली की अडखळत. उलट बाजारात कधी काम न केलेली ४७१ शाळकरी मुले घेतली, तर ती कागदावरची आकडेमोड करीत आणि बाजारातल्या हिशेबाला गडबडत. बाजार वर्गात जात नाही आणि वर्ग बाजारात येत नाही. मामूंचा हात आणि भाच्याचे पुस्तक एकाच घरात राहून अनोळखी राहिले, त्याचीच ही गोष्ट. तेव्हा शिक्षक बंधूंनो, तुमच्या वर्गातला एखादा ‘ढ’ मुलगा शुक्रवारी बापाच्या हातगाडीवर कसा वागतो ते एकदा जाऊन पाहा. मग त्याच्या प्रगतिपुस्तकावर शेरा लिहा.

वर्ग आणि वावर जोडण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या शेजारीच झाला होता. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे १९६७ साली राष्ट्रपती झाले. सभासदांत ख्वाजा गुलाम सय्यदैन हे नामवंत शिक्षणतज्ज्ञ होते, विनोबा होते, काका कालेलकर होते. हस्तव्यवसायातून सर्व विषय शिकवावेत ही गांधीजींची कल्पना. ती शिक्षणशास्त्राला सर्वस्वी नवी नाही, अमेरिकेत अशीच प्रकल्प पद्धती आहे, हे झाकिरसाहेबांनी परिषदेतच मोकळेपणाने सांगितले. ती प्रकल्प पद्धती म्हणजे ड्यूईंच्या विचाराचेच अपत्य होते.

त्या वेळी आपला जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. तेथे रविशंकर शुक्ल यांनी ‘विद्यामंदिर’ नावाने शाळांची योजना आणली आणि त्या नावावरून मुस्लिम समाजात मोठी नाराजी झाली. ती नाराजी पोकळ होती असे मी म्हणणार नाही, नावालाही अर्थ असतो. पण नावाच्या वादात कामाची चर्चा मागे पडली याची मला खंत वाटते. कारण सर्वांत मोलाची सूचना झाकिर हुसेन समितीच्या अहवालातच होती. अहवाल बजावतो की या योजनेत पैशाची बाजू वरचढ होण्याचा धोका उघड आहे; शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील आणि त्या कामातून बुद्धी, समाजभान व नीती घडविण्याचे राहून जाईल. बाजारातल्या त्या गृहस्थांना जे उत्तर मला सुचले नाही, ते १९३७ च्या डिसेंबरातच वर्ध्याला लिहून ठेवलेले होते.

पुढे तसेच घडले. ज्येष्ठ मंडळींना मूलोद्योगाचा तास आठवत असेल. तकली फिरे, पेळू संपे, सूत मोजून जमा होई, आणि ‘समवाय’ फक्त शिक्षकाच्या टाचणवहीत राही. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने नव्याने ‘कार्यानुभव’ सुचविला. त्या आयोगावरही सय्यदैनसाहेब सभासद होते. शब्द किती नेमका! कार्य आणि अनुभव. पण मी ज्या एका शाळेत उमेदवारी केली तेथे कार्यानुभवाच्या वस्तू मुलांच्या मोठ्या बहिणी रात्री जागून करीत. वर्षाअखेर कागदी फुलांच्या कुंड्या टेबलावर ओळीने लागत आणि आम्ही गुण देत असू. मीही दिले आहेत. त्यात कार्य बहिणीचे होते, गुण भावाचे होते, आणि अनुभव कोणाचाच नव्हता.

बहिणींची गोष्ट निघालीच आहे तर एक अवघड गोष्ट बोलतो. ड्यूई पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे १९१३ ते १९१६ या काळात शिकणाऱ्या एका तरुणाने त्यांची व्याख्याने ऐकली. तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील आपल्या भाषणात त्यांनी या गुरूंचे ऋण नाव घेऊन मान्य केले, आणि त्यांचाच आधार घेऊन म्हटले की समाजाने मागील पिढ्यांचे सगळेच ओझे पुढच्या पिढीच्या डोक्यावर देऊ नये, उद्याचा समाज अधिक चांगला करील तेवढेच निवडून द्यावे. १ जून १९५२ रोजी ड्यूई वारले. त्यानंतर चारच दिवसांनी कोलंबियाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी दिली.

बाबासाहेबांनी जो प्रश्न केला तो आपल्याही घरात विचारला पाहिजे. दहावी झालेल्या मुलीला पुढे पाठवा असे म्हटले की बुजुर्ग सांगतात, “आमचा तजुर्बा आहे, काही उपयोग होत नाही.” मी अदबीने विचारतो, हा तजुर्बा कधी घेतला? आपल्या खानदानातल्या किती मुली तालुक्याच्या कॉलेजात गेल्या? एकही गेली नसेल तर तजुर्बा झालाच नाही, नुसता अंदाज झाला. पर्स तर स्वतःच्या बोटावरही विश्वास ठेवायला तयार नव्हते, पत्ते पिसून मग ठरवीत. आपण मुलगा-मुलगी पाहून आधीच पान ठरवून टाकतो, आणि मग म्हणतो, पाहा, तेच पान आले.

माझा रोख वडीलधाऱ्यांच्या अनुभवाविरुद्ध नाही. मामूंचा हात मला आजही हवा आहे. तो शाळेत आणून बसवावा, एवढेच मागणे आहे.

मुख्याध्यापकांशी बोलून आम्ही ठरवले आहे की कापूस निघू लागला की सातवीच्या मुलामुलींनी प्रत्येकी शंभर ग्रॅम कापूस घरून आणावा. वर्गात घड्याळ लावून सरकी हातांनी काढायची, रुई आणि सरकी वेगवेगळी तोलायची, उताऱ्याचे प्रमाण काढायचे, आणि जिनिंगमध्ये तोच उतारा किती पडतो ते विचारून ताडून पाहायचे. कोणाच्या घरी कापूस पारखणारे कोणी असतील तर त्यांनी एक दिवस वर्गात यावे. मुले दोन ढीग झाकून ठेवतील, एक सुका आणि एक किंचित ओला, आणि कोणता कुठे ठेवायचा ते चिठ्ठी काढून ठरवतील. वेचणीच्या दिवसांत ज्यांना मुलांची खरोखर गरज आहे त्यांनी शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी घरच्या वावरात मदत घ्यावी. चौदा वर्षांखालील मुलांसाठी २०१६ च्या कायद्यानेही तेवढीच मुभा ठेवली आहे. शाळेच्या वेळेत मात्र नाही.

ते गृहस्थ आज मंडपात आहेत, मला दिसले. त्यांच्या मुलाने वर्गात बसून ओटीभर कापसाचे गणित करावे, त्यासाठी त्याला पहिल्या दिवशी पाठवावे, अशी माझी त्यांना विनंती आहे. तराजू मी आणीन. घड्याळ शाळेत आहे, फक्त त्याला सेल घालावा लागेल.